पुडी ड्रमची, गेली पंपात: उन्हाळी टोमॅटोवरच्या सॅलिसिलिक फवारणीचं एक प्रकरण

आधी एक सांगून टाकते, यातलं गाव सांगणार नाहीये आणि माणसांची ओळख बदललीये. बाकी घडलं तसं लिहिलंय, माझ्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

पुरंदर तालुका, जेजुरीच्या पुढची कोरडी बाजू. शेतकरी म्हणजे माझे लांबचे चुलते, त्यांना इथं आबा म्हणूया. मी बीएस्सी ॲग्री केलंय पण नोकरी हडपसरला एसी ऑफिसात, त्यामुळे माझा शेतीशी संबंध म्हणजे रविवार आणि व्हॉट्सॲप. आबांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, तो प्रत्यक्ष शेत बघतो.

२०२४ च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात आबांनी एक एकर टोमॅटो लावला. मल्चिंग पेपर, ठिबक, बांबू-तारेची बांधणी, सगळं व्यवस्थित. आता मार्चमध्ये टोमॅटो का, तर आदल्या वर्षी जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभरीपार गेला होता आणि नारायणगावच्या बाजारात ज्यांचा माल त्यावेळी होता त्यांची बातमी घराघरात पोचली होती. त्यामुळे जून-जुलैला तोडा सापडला पाहिजे हा हिशोब गावात एकट्या आबांचा नव्हता, अर्ध्या गावाचा होता.

अडचण अशी की २०२३ चा पावसाळा वाईट गेलेला. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात पुरंदर होता. विहिरीला पाणी होतं पण मार्चमध्येच तळाचे कडे दिसायला लागलेले. मी तेव्हा फोनवर आबांना म्हणलं होतं की अर्धाच एकर लावा. ते म्हणाले, "पोरी, अर्ध्या एकरात अर्धाच जुगार होतो."

काय बिघडलं

एप्रिलच्या मध्यात दादानं फोटो पाठवायला सुरुवात केली. खालची पानं द्रोणासारखी वळलेली, शेंडा दुपारी मान टाकून, आणि मल्चिंग पेपरवर पिवळ्या फुलांचा सडा. पहिला घोस बरा लागला होता, दुसरा-तिसरा घोस फुलातच गळत होता. दिवसा पारा चाळिशीला टेकत होता, पण माझ्या मते खरं दुखणं रात्रीचं होतं, रात्री पण हवा निवत नव्हती. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २४-२५ च्या खाली उतरत नाही असं सलग चाललं की टोमॅटोचा पराग नीट बनत नाही, फूल दिसायला छान दिसतं पण आत दम नसतो, देठाच्या गाठीपासून गळून पडतं.

इथं एक गोष्ट मला कॉलेजात शिकवली होती आणि मी विसरले होते. टोमॅटोच्या परागाला उष्णतेचा सगळ्यात जास्त फटका फूल उमलायच्या साधारण ८ ते १३ दिवस आधी बसतो, कळी बारीक असताना. म्हणजे आज गळलेलं फूल हे आजच्या उन्हानं गळलेलं नसतं, गेल्या आठवड्यातल्या उन्हानं गळलेलं असतं. हे त्यावेळी डोक्यात असतं तर मी फवारणीच्या तारखा वेगळ्या सांगितल्या असत्या, पण त्यावर पुढे येतेच.

पर्याय काय काय होते

आबांच्या ओट्यावर बसून, एका रविवारी, चहावर चहा होत चर्चा झाली.

शेडनेटचं नाव काढल्यावर दादा नुसता हसला. उभ्या पिकात एकरभर बांबू रोवून नेट बांधायचं म्हणजे खर्च तर आहेच पण तेवढी माणसं एप्रिलमध्ये मिळणार कुठून. सोडून दिलं.

केओलिनची फवारणी, म्हणजे ती पांढरी माती पानावर मारायची, ऊन परावर्तित होतं, बाष्पीभवन कमी होतं. हे चांगलं आहे, शिफारसही असते, पण फळावर पांढरट डाग राहिले तर व्यापारी भाव पाडतो ही आबांची भीती, आणि ती काही खोटी नाही. कोंबडीच्या अंड्यासारखं पुसत कोण बसणार.

एनएए हे संप्रेरक मारून फूल धरून ठेवायचं, हे गावात सगळेच करतात. पण ज्या फुलात परागच मेलाय ते धरून ठेवून करायचं काय, वेडंवाकडं फळ नाहीतर नुसती गोटी. मी विरोध केला.

१३:०:४५ या खताची (पोटॅशियम नायट्रेट) फवारणी आणि पाण्याचं वेळापत्रक बदलणं हे तर करायचंच होतं, त्यावर वाद नव्हता.

आणि मग सॅलिसिलिक ॲसिड. हे नाव मी काढलं. आबांचा पहिला प्रश्न: "ॲसिड? झाडं वाचवायची का जाळायची?"

सॅलिसिलिक म्हणजे नक्की काय करतं

इथं जरा थांबून सांगते कारण या एका मुद्द्यावर पुढचं सगळं प्रकरण उभं आहे. सॅलिसिलिक ॲसिड झाड स्वतःच बनवतं. नाव आलंय सॅलिक्स या झाडावरून, म्हणजे विलो, आपल्याकडे नदीकाठी वाळुंज नावाचं झाड असतं ते याच जातकुळीतलं. ॲस्पिरिनची गोळी याचीच चुलत बहीण. १९७९ मध्ये रेमंड व्हाइट या शास्त्रज्ञानं तंबाखूच्या पानात ॲस्पिरिन टोचून दाखवलं की मोझॅक व्हायरसला झाड जास्त तोंड देतं, आणि तिथून झाडातल्या सॅलिसिलिकवर लोकांचं लक्ष गेलं. गंमत म्हणजे १९८७ मध्ये असंही सापडलं की सुरणाच्या कुळातल्या एका झाडाचं फूल जे स्वतःहून गरम होतं, ते गरम करणारा निरोप पण सॅलिसिलिकच देतं. एकीकडे फूल तापवणारा पदार्थ आणि आम्ही तो तापलेल्या झाडावर मारणार होतो.

उष्णता, पाण्याचा ताण, खारं पाणी, यातलं काहीही झालं की पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जाळणारे पदार्थ साठायला लागतात. झाडाकडे ते विझवणारे एन्झाइम असतात, कॅटालेज, पेरॉक्सिडेज वगैरे. थोडं सॅलिसिलिक बाहेरून मिळालं की झाडाला वाटतं संकट आलंय आणि ते ही विझवायची यंत्रणा आधीच वाढवून ठेवतं, पेशीत पाणी धरून ठेवणारं प्रोलिन साठवतं, पानाची छिद्रं थोडी आवळतं.

आबांना मी हे पालखीवरून समजावलं. पालखी सासवडला मुक्कामी येणार हे कळलं की गाव आधीच मांडव घालतं, टँकर सांगतं, पिठलं-भाकरीची तयारी करतं. सॅलिसिलिक म्हणजे ती पालखी येतेय ही बातमी. आबा लगेच म्हणाले, "म्हणजे टँकरच नसेल तर नुसत्या बातमीनं तहान भागायची नाही." बरोब्बर. मी त्या दिवशी जे काही बोलले त्यात आबांचं हे वाक्यच सगळ्यात कामाचं निघालं.

दुसरी बाजू पण सांगितली. डोस जास्त झाला की हेच उलटतं, ती जाळणारी द्रव्यं आवरण्याऐवजी वाढतात, छिद्रं जास्त बंद होतात, पान तापतं, करपतं. प्रयोगांत फवारणीसाठी बहुतेक वेळा ०.१ ते १ मिलिमोलारच्या दरम्यानच वापरतात. १ मिलिमोलार म्हणजे लिटरला १३८ मिलिग्रॅम. आपण ०.५ धरायचं ठरवलं, म्हणजे लिटरला ६९ मिलिग्रॅम, २०० लिटरच्या ड्रमला जेमतेम १४ ग्रॅम. चौदा ग्रॅम! जिथं खताची गोणी ५० किलोची असते तिथं १४ ग्रॅम ऐकून दादाचा चेहरा बघण्यासारखा होता.

पहिला निर्णय: दहा गुंठे सोडून द्यायचे

हा निर्णय सॅलिसिलिकचा नाही पण तो आधी झाला आणि माझ्या मते सगळ्यात मोठा तोच. विहिरीचं पाणी एकराला दिवसाआड दीड तास पुरत होतं, ते पण मोटर मध्येच हवा ओढायची. खालच्या बांधाकडचे १० गुंठे मुरमाड, तिथली झाडं आधीच खुरटलेली. मी म्हणलं तेवढी लाइन बंद करा. दादा तयार, आबा नाही. लावलेलं पीक हातानं वाळवायचं म्हणजे काय, हे हडपसरला बसून मला कळणार नाही, असं ते म्हणाले नाहीत पण गप्प बसले त्यात ते आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा मेसेज, व्हॉल्व्ह बंद केला आबांनी स्वतः.

मग उरलेल्या ३० गुंठ्यांना रोज दोनदा पाणी सुरू झालं, पहाटे आणि संध्याकाळी, थोडं थोडं. लाइटीच्या वेळा आडव्या येत होत्या म्हणून ते ठरलेल्या वेळी रोज झालंच असं नाही.

दुसरा निर्णय: आणायचं काय आणि कुठून

मी फोनवर सांगितलं "सॅलिसिलिक आणा". संध्याकाळी दादानं बाटलीचा फोटो टाकला, वर लिहिलेलं ऑर्थो सिलिसिक ॲसिड. कृषी सेवा केंद्रवाल्यानं आत्मविश्वासानं दिलेलं. आता सिलिसिक म्हणजे सिलिकॉन, पेशीची भिंत कडक करतं, ताणात त्याचाही उपयोग होतो, वाईट नाही, पण हे ते नव्हे! नावात दोन अक्षरांचा फरक, काम पूर्ण वेगळं, डोस पूर्ण वेगळा. तुम्ही कुणाला फोनवर सांगत असाल तर प्लीज लिहून पाठवा. ती बाटली बाजूला ठेवली.

शेवटी मी पुण्यात पेठेतल्या एका केमिकलच्या दुकानातून लॅब ग्रेड पावडरची ५०० ग्रॅमची बाटली घेतली. एका ड्रमला १४ ग्रॅम म्हणजे एका बाटलीत ३५ ड्रम. एका फवारणीचा केमिकलचा खर्च दोन कटिंग चहाइतका. स्वस्त आहे ही चांगली गोष्ट पण तोच धोका पण आहे, कारण स्वस्त गोष्ट माणूस हात सैल सोडून वापरतो. (आणि हो, लॅबच्या पावडरवर टोमॅटोसाठी कुठलाही लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची अधिकृत परवानगी, नसतो, जो माल एक्स्पोर्टला किंवा कंपनीला जाणार असेल त्यांनी हा खेळ करू नये. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट (झाडाची वाढ आणि ताण सोसणं सुधारणारे पदार्थ) हा गट आलाय, तयार प्रॉडक्ट घेणार असाल तर नोंदणी बघून घ्या.)

ॲस्पिरिनच्या गोळ्या चुरून टाकायचा पण विषय निघाला, आबांच्या बीपीच्या गोळ्यांबरोबर त्या घरात होत्याच. कुंडीतल्या गुलाबाला लोक टाकतात. पण गोळीत ॲसिटाइल सॅलिसिलिक असतं, त्याचं सॅलिसिलिक व्हायला वेळ लागतो आणि त्यात बाकीची भर असते. ७५ मिलिग्रॅमच्या गोळीनं ड्रम करायचा तर दोनशेवर गोळ्या फोडत बसायचं. नको.

वजन करायचं कशावर? किचनचा काटा एक ग्रॅमचा फरक धड दाखवत नाही. शेवटी दादानं गावातल्या सोनाराकडून १४-१४ ग्रॅमच्या पुड्या करून आणल्या, कागदाच्या, अगदी खंडोबाच्या भंडाऱ्याच्या पुडीसारख्या. मला ही आयडिया इतकी आवडली की मी कौतुक केलं. पुडीवर काही लिहावं हे मात्र कुणालाच सुचलं नाही, मला पण नाही.

पहिली फवारणी

२० एप्रिलच्या आसपास, संध्याकाळी पाचनंतर. पावडर थंड पाण्यात टाकली तर विरघळेना, पिठीसारखी वर तरंगायला लागली. लिटरला जेमतेम २ ग्रॅम विरघळते ती, आणि ते सुद्धा आरामात. स्पिरिटमध्ये पटकन विरघळते पण शेतावर चूल होती म्हणून दोन लिटर उकळतं पाणी घेतलं, जुन्या पातेल्यात, त्यात पुडी टाकून ढवळली, पूर्ण काचेसारखं पाणी झालं, मग ते ड्रममध्ये हळूहळू ओतत काठीनं फिरवलं. दादानं पुडी उघडताना वास घ्यायला नाक लावलं आणि पुढची पाच मिनिटं शिंकत होता, तेव्हा तोंडाला रुमाल बांधा.

दादाला त्याच ड्रममध्ये मायक्रोन्यूट्रियंट पण मारायचं होतं, एक फेरी वाचते म्हणून. मी म्हणलं आधी तांब्यात करून बघ. त्याच्याकडचं फेरस सल्फेट जुनं, हवा लागून पिवळं पडलेलं, ते टाकल्याबरोबर तांब्यातलं पाणी जांभळं! लोह आणि सॅलिसिलिक एकत्र आलं की हा रंग येतो, प्रॅक्टिकलला बघितलेला. म्हणजे दोघं एकमेकांतच अडकले, पानाला काय मिळणार. वेगळं मारायचं ठरलं. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), तांब्याची बुरशीनाशकं, चुन्याची कुठलीही गोष्ट यात मिसळू नका, हा पण त्यातलाच धडा.

एचटीपी पंपानं, म्हणजे ड्रममधून ओढून जोरात फवारणाऱ्या मोठ्या पंपानं, ३० गुंठ्यांना एक ड्रम बरोबर पुरला. चार ओळी मी मुद्दाम न फवारता ठेवायला सांगितल्या, तारेला लाल चिंध्या बांधून. आबांना हे अजिबात पटलं नव्हतं, "औषध आहे तर सगळ्यांना द्यायचं, चार पोरांना उपाशी ठेवून बाकीच्यांना जेवायला कशाला वाढायचं". मी म्हणलं नाहीतर कळणार कसं फरक पडला की नाही. ते म्हणाले "मला कळतं". तरी ठेवल्या, कडेच्या, मक्याच्या बॉर्डरच्या शेजारच्या.

पुढच्या आठ-नऊ दिवसांत फूलगळ थांबली का, तर नाही. आबांचा रोज फोन. मी धीर धरा म्हणत होते पण खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं की फसलं. तेव्हा जुन्या नोट्स काढल्या आणि ती ८ ते १३ दिवसांची गोष्ट आठवली. जी फुलं आता गळतायत त्यांचं भवितव्य फवारणीच्या आधीच ठरलेलं होतं! दहाव्या-अकराव्या दिवसानंतर वरच्या घोसात फुलं टिकताना दिसायला लागली. दुपारी शेंडा मान टाकायचा तो पण संध्याकाळी लवकर उभा राहायला लागला, यात पाण्याचा वाटा किती आणि फवारणीचा किती हे मला सांगता येणार नाही.

गडबड

दुसरी फवारणी मेच्या पहिल्या आठवड्यात. मी नव्हते. दादा सासवडला गेलेला, एचटीपी शेजारी मागून घेऊन गेलेला. वाडीतला एक पोरगा फवारायला आला, त्याच्याकडे पाठीवरचा १५ लिटरचा बॅटरी पंप. आबांनी त्याला पुड्यांची पिशवी दिली आणि सांगितलं "एक पुडी टाक". आबांच्या डोक्यात ड्रम होता, पोराच्या डोक्यात पंप. त्यानं कोरडी पुडी सरळ पंपात ओतली, हलवला, आणि निघाला.

हिशोब करा, १४ ग्रॅम १५ लिटरला, म्हणजे लिटरला ९३० मिलिग्रॅम, पावणेसात मिलिमोलार. ठरवलेल्याच्या तेरापटीहून जास्त.

वाचवलं कशानं तर पावडर विरघळत नाही यानं. चौथी ओळ पाऊण झाली आणि नोझल चोक झालं, पोरानं जाळी काढून बघितली तर पांढरा गाळ. तो बिचारा हुशार, दुसरी पुडी फोडायच्या आधी त्यानं आबांना विचारलं, आबांनी मला फोन केला.

इथं ठरवायला पाच मिनिटं होती. एक पर्याय, काही करू नका, बघू काय होतं, कारण नक्की किती डोस पानावर गेला कुणालाच माहीत नाही, निम्मी पावडर पंपातच बसली होती. दुसरा, लगेच साध्या पाण्यानं धुवा. पाणी तर आधीच तोट्याचं. मी म्हणलं धुवा, पंप स्वच्छ करून त्या पावणेचार ओळींवर भरपूर साधं पाणी मारा, आणि ठिबक पण आत्ताच सोडा तेवढ्या लाइनला. संध्याकाळ होती, फवारा सुकला नव्हता, म्हणून ते शक्य झालं. दुपारी झालं असतं तर मी काय सांगितलं असतं माहीत नाही.

आबा त्या पोरावर ओरडले नाहीत, माझ्यावर पण नाही. फक्त म्हणाले, "पुडी दिसायला सारखीच असती गं, अंगाऱ्याची असो नाहीतर उंदराच्या औषधाची."

बाकीच्या ओळींची फवारणी दुसऱ्या दिवशी पहाटे दादानं ड्रममध्ये नीट करून मारली.

काय निकाल लागला

त्या पावणेचार ओळींत तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. उघडलेली फुलं आणि बारीक कळ्या बहुतेक गळाल्या. झाडं मेली नाहीत, आठ-दहा दिवस नुसती उभी राहिली आणि मग बगलेतून नवी फूट काढली. धुतल्याचा किती फायदा झाला याला पुरावा नाही कारण न धुतलेली ओळ आम्ही ठेवलीच नाही, आणि ती ठेवायची हिंमत पण नव्हती.

नीट फवारलेल्या ओळी आणि लाल चिंधीच्या ओळी यांच्यात डोळ्याला फरक दिसत होता तो पानांत, फवारलेल्यांची पानं कमी वळलेली आणि रंग जास्त गडद. फळांचं म्हणाल तर पहिल्या दोन तोड्यांना दादानं चार ओळी विरुद्ध चार ओळी असे क्रेट वेगळे मोजले. पहिल्या तोड्याला फरक शून्य, जे साहजिक होतं कारण तो माल पहिल्या घोसाचा, फवारणीआधी लागलेला. दुसऱ्या तोड्याला फवारलेल्या चार ओळींत सव्वा क्रेट जास्त. तिसऱ्या तोड्याला मजुरांनी सगळे क्रेट एकत्र केले आणि तिथं आमचा प्रयोग संपला.

त्या सव्वा क्रेटला पण मी फार नाचवणार नाही. चिंधीच्या ओळी मक्याच्या आडोशाला होत्या, त्यांना गरम वारा कमी लागत होता, म्हणजे खरा फरक जास्तही असू शकतो. उलट मेच्या मध्यात वळीव आला, रात्री निवल्या आणि त्यानंतर सगळ्याच ओळींना, फवारलेल्या-न फवारलेल्या, फळं बरी लागली. आणि १० गुंठ्यांचं पाणी वाचून जे ३० गुंठ्यांना मिळालं ते तर दोन्हीकडे सारखंच होतं. मला कुणी विचारलं तर मी म्हणेन की प्लॉट वाचला तो व्हॉल्व्ह बंद केल्यामुळे, सॅलिसिलिकनं मधले तीन आठवडे झाडं जरा तगवली.

नागअळी, म्हणजे टुटा, जी देशात पहिल्यांदा २०१४ मध्ये आपल्या पुणे भागातच सापडली, ती पण आली. मला याची धास्ती होती कारण झाडात सॅलिसिलिकचा रस्ता चालू झाला की जॅस्मोनिकचा (झाडाच्याच दुसऱ्या संप्रेरकाचा) रस्ता दबू शकतो, आणि पानं कुरतडणाऱ्या किडीशी लढायचं काम मुख्यतः जॅस्मोनिकचं. पण चिंधीच्या ओळींत पण तेवढीच दिसली. कामगंध सापळे आधीपासून होते म्हणून आटोक्यात राहिली.

करपलेल्या ओळींचा माल उशिरा आला, जूनच्या शेवटी, तेव्हा भाव चढलेला होता. क्रेट थोडे निघाले पण पैसे बरे झाले, आणि त्यावरून आबा मला अजून चिडवतात की पुढच्या वर्षी सगळ्याच प्लॉटला तेरापट मारू.

पुन्हा करायचं तर

फवारणी फूलगळ दिसल्यावर नाही, त्याआधी. कळ्या बारीक असताना, हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की लगेच. आम्ही पहिली फवारणी निदान दोन आठवडे उशिरा केली आणि मग दहा दिवस औषधाला शिव्या घातल्या.

न फवारलेल्या ओळी एका कडेला नकोत, एक इथं, एक मध्ये, एक पलीकडच्या टोकाला. आणि तोड्याच्या वेळी त्यांचे क्रेट कोण वेगळे ठेवणार हे मुकादमाशी आधीच बोलायला पाहिजे, मी ते गृहीत धरलं.

पूर्ण प्लॉटवर मारायच्या आधी पाच झाडांवर मारून तीन दिवस थांबायला हवं होतं, विशेषतः आपल्या विहिरीचं पाणी जड आहे म्हणून, पाण्याच्या पीएचप्रमाणे हे पानात कमी-जास्त शिरतं. पाण्याची ईसी (क्षारांचं प्रमाण) आणि पीएच आम्ही जूनमध्ये तपासली, सगळं झाल्यावर. बारामतीजवळ माळेगावला अशा ताणांवरच काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, अजैविक ताण व्यवस्थापनाची, आमच्यापासून तासा-दीड तासावर, तिथं जाऊन एकदा विचारावं हे सुद्धा मला नंतर सुचलं.

१० गुंठे सोडायचा निर्णय मार्चमध्येच, लागवडीआधी व्हायला हवा होता. कमी लावा हे मी तेव्हा सांगितलं होतं पण एकदा सांगून सोडून दिलं.

आणि पुडी. यंदा दादानं सोनाराकडून एकेक ग्रॅमच्याच पुड्या करून घेतल्यात, पिवळ्या कागदात, वर पेननं "१ पंप, गरम पाण्यात" असं लिहून. ड्रमला मारायचं असेल तर त्या चौदा फोडायच्या. आबा म्हणाले कटकट आहे. असू दे, ड्रमची पुडी आता घरात ठेवायचीच नाही.